ट्रॉफी मालकाची, गाडीची की मिस्त्रीची? 'इम्प्रेशन'चं प्रकरण

अमेरिकेत 'डेट्रॉइट ऑटोरामा' नावाचा खास घडवलेल्या गाड्यांचा शो भरतो, २००५ मध्ये तिथलं रिडलर अवॉर्ड गेलं 'इम्प्रेशन' नावाच्या गाडीला. १९३६ च्या फोर्ड रोडस्टरची, म्हणजे उघड्या छताच्या दोन सीटच्या गाडीची, कल्पना घेऊन घडवलेली, मालक कोलोरॅडोचे, वर्कशॉप कॅलिफोर्नियातला गाड्यांचा डिझाइनर चिप फूस याचं. त्याच वर्षी गुडगाइज या हॉट रॉडवाल्यांच्या संस्थेचा 'स्ट्रीट रॉड ऑफ द इयर' हा किताबही तिनंच घेतला आणि २००६ उजाडताच ग्रँड नॅशनल रोडस्टर शोमध्ये 'अमेरिकाज मोस्ट ब्यूटिफुल रोडस्टर'ही तीच. हॉट रॉडच्या, म्हणजे जुन्या गाड्या बदलून नव्यानं घडवायच्या, दुनियेत यातला एक किताब मिळाला तरी माणूस जन्मभर सांगत फिरतो, इथे एकाच गाडीनं तिन्ही घरी नेले.

आता कुणालाही विचारा, इम्प्रेशन कुणाची? दहातले नऊ जण सांगतील, "चिप फूसची." मालकाचं नाव माहीत असणारे फार थोडे, आणि तरी रिडलरच्या विजेत्यांची यादी बघितली तर आधी मालक, मग गाडी, आणि बिल्डरचा, म्हणजे गाडी घडवणाऱ्याचा, उल्लेख असलाच तर त्यानंतर. म्हणजे कागद एक बोलतो आणि लोक दुसरंच बोलतात. कार शोचं अवॉर्ड गाडीचा सन्मान की ती बनवणाऱ्याचा, हा वाद या शोंमध्ये जुनाच आहे, पण हवेत वाद घालण्यापेक्षा ही एकच गाडी धरून बघितली तर गोष्ट जास्त स्पष्ट दिसते, म्हणून हे प्रकरण.

आधी रिडलर म्हणजे काय ते थोडं. डेट्रॉइट ऑटोरामा १९५३ पासूनचा, मिशिगन हॉट रॉड असोसिएशनच्या पोरांनी सुरू केलेला. डॉन रिडलर हे या शोचे प्रमोटर, तिकिटं खपवणारे, गर्दी खेचणारे. ते १९६३ मध्ये गेले आणि १९६४ पासून त्यांच्या नावानं हे अवॉर्ड सुरू झालं. म्हणजे गंमत बघा, गाडीचा सन्मान की बिल्डरचा यावर एवढं भांडण, आणि अवॉर्डला नाव मात्र शो भरवणाऱ्याचं. नियमांतला सगळ्यात कडक नियम असा की गाडी नवीकोरी हवी, आधी कुठल्याही शोत दाखवलेली चालत नाही, पहिलं दर्शन डेट्रॉइटलाच. आलेल्या गाड्यांतून आठ निवडतात, त्यांना 'ग्रेट एट' म्हणतात, शुक्रवारी ती आठ नावं जाहीर होतात आणि रविवारी संध्याकाळी एकाच्या गळ्यात माळ. बक्षीस १०,००० डॉलर, ट्रॉफी आणि जॅकेट. आता ज्या गाडीवर दहा लाख डॉलरच्या घरात खर्च झाल्याचं बोललं जातं तिच्या मालकाला १०,००० डॉलर म्हणजे पेट्रोलचे पैसे, त्यामुळे ही शर्यत पैशासाठी नाहीच, नावासाठी आहे. आणि नावासाठी असेल तर नाव कुणाचं हा प्रश्न फालतू राहत नाही.

आता परीक्षक नक्की काय बघतात ते बघू, माझ्या मते सगळं प्रकरण इथेच सुटतं.

अशा शोत गाडी नुसती उभी नसते. खाली आरसे मांडलेले असतात, कधी चाक काढून बाजूला ठेवलेलं असतं, बॉनेट उघडं, डिकी उघडी, कारण गाडीचं पोटसुद्धा वरच्या अंगाइतकंच तपासलं जाणार असतं. परीक्षक वाकून दरवाजाच्या फटीकडे बघतो. दरवाजा आणि बॉडी यांच्यामधली जी बारीक रेघ असते ना, ती वरून खालपर्यंत एकसारख्या रुंदीची आहे का, वळणावर फाकते का, दरवाजावरून आलेली कड मागच्या मडगार्डवर त्याच उंचीला भेटते का. कारखान्यातून आलेल्या गाडीत ही फट डायमधून, म्हणजे साच्यातून, निघालेल्या पत्र्याच्या जोरावर जमते, इथे ती हातानं जमवलेली असते. म्हणजे कुणीतरी कडेला धाग्याएवढं वेल्ड चढवलंय, फाइलनं घासलंय, दरवाजा लावलाय, बघितलंय, परत काढलाय, परत घासलंय. आणि हे सगळं रंगाच्या आधी, कारण रंगाचेही थर असतात, प्रायमर, बेस, क्लिअर, प्रत्येक थर फट थोडीथोडी खातो, तेव्हा त्या रंगाच्या जाडीचा हिशोब पत्रा घासतानाच धरावा लागतो. तुम्ही कधी चांगला डेंटर काम करताना बघितला असेल तर आठवा, तो डोळ्यानं कमी आणि तळहातानं जास्त बघतो, पत्र्यावरून सपाट हात फिरवतो, डोळे भलतीकडेच, आणि मधेच थांबून हातोडीची एक हलकी टिचकी. काळ्या किंवा गडद रंगात तर लपवायला जागाच नाही, छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब गाडीच्या अंगावर सरळ धावतंय की लाट मारतंय एवढं बघितलं की पेंटर आणि डेंटर दोघांची परीक्षा एका नजरेत होते.

तर परीक्षक गुण देतो ते या सगळ्याला. कल्पना किती नवी, इंजिनिअरिंग किती डोक्यानं केलंय, काम किती सफाईचं. यातला एकही गुण "पैसे कुणी भरले" या रकान्यात पडत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की ज्या कामाला गुण दिले त्या काम करणाऱ्याचं नाव ट्रॉफीवर हवं, तपासायचा हात आणि ट्रॉफी द्यायची पाकीटवाल्याला, हा हिशोब जुळत नाही.

पण थांबा, मालकाची बाजू एवढी लेचीपेची नाहीये आणि ती नीट मांडली नाही तर लबाडी होईल. एक तर पैसा, तो सोडून द्या म्हणणं सोपं आहे पण पैशाशिवाय फूसचं स्केच स्केचच राहिलं असतं. इम्प्रेशन काही एका सीझनमध्ये उभी राहिलेली गाडी नाही, कित्येक वर्षं काम चाललं, आणि तेवढी वर्षं पैसे पाठवत राहायचे, गाडी चालवायला मिळणार नाही, कुणाला दाखवायचीही नाही कारण डेट्रॉइटच्या आधी कुठे दाखवली की नियमातून बाद. ही सहनशक्ती सोपी नाही हो, आपल्याकडे बिल्डरनं फ्लॅटचा ताबा सहा महिने लांबवला तर आपण काय काय बोलतो. दुसरं, मालक नुसता चेक फाडत नाही, चांगला मालक हो-नाही म्हणतो, हे नको, ते जास्त झालं, हे परत कर. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, धोका पूर्ण त्याचा. ग्रेट एटमध्ये आली नाही तर वर्कशॉपला मजुरी मिळालेलीच असते, मालकाकडे उरते एक महागडी गाडी जी विकायला काढली तर घातलेले पैसे क्वचितच परत येतात. तेव्हा त्याला ट्रॉफी मिळाली तर कुणी कुरकुर करू नये असं म्हणणारे आहेत आणि ते अगदीच चूक नाहीत.

आणि सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, हेही लक्षात घ्या. रिडलरचा पहिला मानकरी, १९६४ चा, अल बर्गलर. गाडी 'मोअर ॲग्रव्हेशन', ड्रॅग रेसिंगची, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीची, कॉम्पिटिशन कूप. बर्गलर मिशिगनचाच, पत्रा घडवण्यात हात बसलेला माणूस, गाडी त्यानं स्वतः बनवली, स्वतः पळवली. मालक, बिल्डर, ड्रायव्हर सगळं एकाच शर्टात. अशा माणसाला ट्रॉफी देताना ती मालकाला की मिस्त्रीला असं विचारायचं कुणाला सुचेल? नियम तेव्हाच्या माणसांवर बेतलेले होते, पुढे माणसं बदलली आणि पद्धत तीच राहिली. हळूहळू असं झालं की हौशी मालक एकीकडे, नावाजलेलं वर्कशॉप दुसरीकडे, मधे करार आणि बिलं.

रोडस्टर शोचंही असंच. १९५० मध्ये ओकलंडला सुरू झाला, तिथली ट्रॉफी माणसापेक्षा उंच, नऊ फुटांची. पहिला विजेता बिल नीकँप, १९२९ ची फोर्ड. गाडी त्याची, उभी केली त्यानं, पण पत्र्याचं अवघड काम, नाक आणि पोटाखालचं पॅन, हे व्हायटी क्लेटनच्या हातचं. नीकँपनं पुढे ती गाडी एल मिराजच्या कोरड्या तलावावर ताशी १४२ मैलांनी पळवली सुद्धा, म्हणजे नुसती शोभेची नव्हती. पण बघा, अगदी पहिल्या वर्षी, मालकच बिल्डर असतानाही, पत्र्यामागे दुसराच एक माणूस उभा आहेच. १९५८ आणि १९५९ असं लागोपाठ दोन वर्षं जिंकलेली 'आला कार्ट' घ्या. मालक फ्रेस्नोचे रिचर्ड पीटर्स, पण जगाला ती माहीत जॉर्ज बॅरिसची म्हणून, कारण बॉडीचं काम बॅरिसच्या दुकानात झालं आणि बॅरिसला स्वतःचं नाव कसं मोठं करायचं ते बरोबर कळत होतं. शिवाय एएमटी कंपनीनं तिचं प्लॅस्टिकचं मॉडेल किट काढलं, अमेरिकेतल्या पोरांनी घरात बसून डिंकानं चिकटवलं. चॅसी आणि इंजिनाच्या चकाकीमागे ब्लॅकी गेजियन होता, तोही फ्रेस्नोचाच, आणि तो स्वतः आधी १९५५ मध्ये याच ट्रॉफीचा वाटेकरी होता म्हणून निदान जाणकारांना तरी माहीत. बाकी हातांचं काय?

इथून मी परत फूसकडे येतो, कारण त्याच्या बाबतीत हा सगळा गुंता अगदी उघडा पडतो.

चिप फूस, जन्म १९६३, सांता बार्बरा. वडील सॅम फूस यांचं स्वतःचं वर्कशॉप, पोरगा सात वर्षांचा असल्यापासून तिथे. मग पासाडिनाच्या आर्ट सेंटर कॉलेजात डिझाइन शिकला. मग बॉइड कॉडिंग्टनकडे. बॉइडचं दुकान म्हणजे नव्वदच्या दशकात हॉट रॉडची गंगोत्रीच, आणि तिथून निघालेली प्रत्येक गाडी 'बॉइडची गाडी'. फूस तिथे डिझाइन करत होता, वर चढत चढत कंपनीचा प्रेसिडेंट झाला, पण फाटकावर नाव बॉइडचं आणि लोकांच्या तोंडीही बॉइडचंच. १९९८ मध्ये तो बाहेर पडला, बायकोबरोबर 'फूस डिझाइन' काढलं. २००४ पासून टीव्हीवर 'ओव्हरहॉलिन' आला आणि मग तर गाड्यांचं काही न कळणाऱ्या घरातही हे नाव गेलं.

त्याच्या वर्कशॉपच्या गाड्यांना रिडलर मिळालं चार वेळा. २००२ ची शेवरले 'ग्रँड मास्टर', २००३ ची 'स्टॅलियन', २००५ ची 'इम्प्रेशन' आणि २०१५ ची 'इंपोस्टर', ही शेवटची म्हणजे १९६५ च्या इंपालाचं अंग आणि आतून कॉर्व्हेट. चार गाड्या, चार वेगवेगळे मालक, वर्कशॉप एकच. यादी नुसती मालकांच्या नावानं वाचली तर तुम्हाला कळणारच नाही की या चौघांमध्ये काही नातं आहे. ज्या माणसानं हे अवॉर्ड चारदा जिंकलं असं सगळे म्हणतात, त्याचं नाव यादीत विजेता म्हणून शोधायला जाल तर हात हलवत परत याल. माझ्या मते मालकालाच अवॉर्ड या पद्धतीचा पराभव या एका गोष्टीत दिसतो.

बरं मग बिल्डरला द्या, संपलं? नाही ना, खरी मेख तर इथेच आहे. बिल्डर म्हणजे कोण? फूस उत्तम स्केच करतो, उत्तम रंगही मारतो, हात काळे करणारा माणूस आहे यात वाद नाही. पण इम्प्रेशनसारखी गाडी एका माणसाच्या हातून होत नाही. पत्रा घडवणारा वेगळा, वेल्डर वेगळा, रंगासाठी महिनोन् महिने वॉटर पेपर मारणारी पोरं वेगळी, सीटचं चामडं शिवणारा वेगळा, क्रोम तर बहुतेक वेळा बाहेरच्या प्लेटिंगवाल्याकडे जातं, इंजिन आणखी कुणीतरी बांधतं. "बिल्डरला द्या" म्हटलं की ट्रॉफी जाते ती फाटकावरच्या नावाला. नव्वदच्या दशकात हाच नियम असता तर ती बॉइडला गेली असती आणि टेबलावर वाकून रेघा ओढणारा चिप तेव्हाही मागेच उभा राहिला असता. मालकाची सावली जाऊन दुकानाची सावली आली, एवढाच फरक. उलट मला तर भीती वाटते की टीव्हीच्या जमान्यात हे जास्त वाईट होईल, ज्याचा चेहरा ओळखीचा त्याच्या नावावर सगळं जमा.

इम्प्रेशनच्या यशाची वाटणी कशी झाली ते मांडून बघा. ट्रॉफी आणि चेक मालकाकडे. किताब गाडीला चिकटला, तो तिच्याबरोबरच फिरणार, उद्या ती विकली गेली तरी जाहिरातीत 'रिडलर विजेती' हे पहिल्या ओळीत येणार आणि ज्यानं एक बोल्टही घट्ट केला नाही असा नवा मालक त्या किताबासकट तिला घरी नेणार. कीर्ती गेली फूसच्या नावाकडे, पुढची गिऱ्हाइकं त्यावर आली. म्हणजे मालक, गाडी, दुकान तिघांनाही काही ना काही मिळालं आणि मला हे वाटप वाईट वाटत नाही, खरंच नाही. फक्त दरवाजाची ती फट ज्यानं जमवली त्याला मिळाला पगार. पगार मिळाला म्हणजे झालं असं म्हणणारे भेटतात, पण मग फूसलाही त्याचं बिल मिळालंच होतं की, त्याला नाव कशाला हवं? हा न्याय एकाला लावायचा तर सगळ्यांना लावा.

दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियातला जुन्या क्लासिक गाड्यांचा शो, पेबल बीच, आहे, तिथे मात्र मी गाडीच्याच बाजूचा. २०२४ मध्ये तिथलं बेस्ट ऑफ शो मिळालं १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्सला. आधी रेसची गाडी, मग बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे, काळा रंग आणि पिवळा पट्टा, आणि अंगावर काळानं उठवलेले ओरखडे तसेच. रिस्टोर न केलेल्या, प्रिझर्व्हेशन क्लासमधल्या गाडीला पेबल बीचचा सर्वोच्च मान मिळाल्याची ही पहिलीच वेळ. १९५० पासून चालू असलेल्या शोत! तिथे कुणाला मान द्यायचा? घडवणारे सगळे कधीच गेले, आणि आत्ताच्या मालकाचं मोठेपण हे की त्यानं ती चकचकीत करायचा मोह आवरला. तिथे जिंकली ती गाडीच, तिचं आयुष्य, तिच्यावरचे डाग. म्हणून सरसकट "नेहमी बिल्डर" किंवा "नेहमी गाडी" असा झेंडा घेऊन मी उभा नाही. आयुष्याला गुण देत असाल तर गाडीला द्या, कामाला देत असाल तर कामगारांना.

तिसरा मार्गही काहींनी काढलाय. लास वेगासच्या सेमा शोत, म्हणजे गाड्यांचे सुटे भाग आणि बदल यांच्या व्यापारी प्रदर्शनात, 'बॅटल ऑफ द बिल्डर्स' असतं, तिथे नावातच बिल्डर आहे, मालक बाजूला. डेट्रॉइट ऑटोरामातही 'बिल्डर ऑफ द इयर' असा वेगळा मान आहे. आणि मोटर रेसिंगवाल्यांनी तर हा गुंता कधीचाच सोडवलाय, फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरचं जगज्जेतेपद १९५० पासून आणि गाडी बनवणाऱ्यांचं १९५८ पासून वेगळं, दोन्ही एकाच रविवारी कमवता येतात आणि कुणी कुणाच्या ताटातलं ओढत नाही. रिडलरमध्येही कधीकधी आपोआप जुळून येतं, २०१४ ला कॅनडाच्या जे. एफ. लॉनिए यांनी १९६४ च्या ब्यूक रिव्हिएरावर जिंकलं, स्वतःची गाडी, स्वतःचं वर्कशॉप, म्हणजे थेट बर्गलरच्या रांगेत. पण असे योग रोज येत नाहीत.

आपल्याकडे तर हे गणपतीत रोजचंच आहे की. स्पर्धेत बक्षीस मंडळाला, पण बऱ्याच स्पर्धांत उत्कृष्ट मूर्तिकार आणि उत्कृष्ट नेपथ्यकार असं वेगळं काढलेलं असतंच, आणि मंडळाला कधी त्याचा कमीपणा वाटलेला मी ऐकलेलं नाही, उलट "आमचा मूर्तिकार" म्हणून मिरवतात. वर्गणी ज्यांनी काढली त्यांचाही मान राहिला, आणि माती ज्यानं हाताळली त्याचाही.

मग इम्प्रेशनच्या बाबतीत काय करायला हवं होतं? मला वाटतं फार काही नाही. अशा गाड्यांसमोर शोत एक बोर्ड असतो, त्यावर मालक, वर्कशॉप, रंग, अपहोल्स्ट्री, इंजिन अशी नावं बऱ्याचदा लिहिलेली असतातच. अडचण एवढीच की बोर्ड शो संपला की गाडीबरोबर ट्रेलरमध्ये जातो आणि नोंदीत राहतो तो फक्त विजेता. तोच बोर्ड नोंदीत घ्या. अर्ज भरतानाच कोणी काय केलं ते लिहून द्या, चुकीचं निघालं तर गाडी बाद, जसा आधी दाखवलेली निघाली तर बाद होते तसाच. ट्रॉफी मालकाच्या दिवाणखान्यात राहू दे, माझी काही हरकत नाही, पण यादीत मालकाखाली वर्कशॉप आणि वर्कशॉपखाली माणसांची नावं.

याला विरोध मालक करणार नाहीत, वर्कशॉपवाले करतील, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. चांगला पत्र्याचा कारागीर म्हणजे दुकानाची खरी पुंजी, त्याचं नाव रिडलरच्या यादीत छापून आलं की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानाचा फोन येणार आणि तिसऱ्या दिवशी तो पगारवाढ मागणार. शिवाय बाहेरून करून घेतलेली कामं उघडी पडणार, "सगळं आमच्याच छताखाली" असं म्हणणाऱ्यांची जरा पंचाईत होणार. होऊ दे की.

आता आपल्याकडचं. मुंबई-पुण्याच्या विंटेज रॅलीत बक्षीस घ्यायला मालकच येतो, पगडी-बिगडी घालून, फोटो निघतो. ती गाडी वर्षानुवर्षं खोलून परत बांधणारा मिस्त्री बहुतेक वेळा तिथेच असतो, गाडी वाटेत बंद पडली तर म्हणून टूलबॉक्स घेऊन मागच्या गाडीत. पण आपल्याकडे नुसत्या आयोजकांना बोलून उपयोग नाही, कायद्यातच बिल्डर बसत नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्यावर बंधन घालतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून हटून बदललेली गाडी चालणार नाही. इम्प्रेशनसारखी गाडी आपल्याकडे कुणी घडवली तरी ती शोत चमकेल आणि शोच्या गेटाबाहेर आरटीओ पकडेल. मग बिल्डर स्वतःच नाव लपवून काम करतो, पाटीवर 'डेंटिंग-पेंटिंग' लिहितो आणि आतल्या बाजूला काय चाललंय ते ओळखीच्यांनाच दाखवतो.

विंटेज गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रानं वेगळे नियम काढले, ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर सीरिज, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. पेबल बीचच्या त्या बुगाटीला हे नियम आवडले असते. इथे मान गाडीला आणि तिच्या जपणुकीला, आणि तो बरोबरच आहे. पण त्याच गाडीचा सडलेला पत्रा मूळच्या वळणात परत आणून देणारा, फेरफार केलाय हे कुणाला कळूही न देणारा जो हात असतो त्याच्यासाठी फॉर्मवर रकाना नाही, आणि रॅलीच्या प्रवेशपत्रिकेतही तो सहसा दिसत नाही. तिथे तरी 'रिस्टोरेशन कुणी केलं' एवढी एक ओळ वाढवायला आयोजकांना आरटीओची परवानगी लागत नाही.